मेंबर हणमंताचे सहा सभात्याग

२६ जुलै, सकाळी ६.१०
निवडून आलो.

हे वाक्य लिहायला मिळावं म्हणूनच डायरी आणली. खताच्या दुकानातली आहे, फुकट. प्रत्येक पानाखाली शेतीचा एक सल्ला छापलाय. आजचा सल्ला: फवारणी करताना वाऱ्याकडे पाठ करावी. बरं.

उंबरदरा ग्रामपंचायत, वॉर्ड तीन. मला एकशे अठ्ठेचाळीस, समोरच्याला एकशे अठ्ठेचाळीस. मग निवडणुकीच्या साहेबांनी बरणीत दोन चिठ्ठ्या टाकल्या, अंगणवाडीतल्या मुलीला एक काढायला सांगितली, माझं नाव निघालं. जनतेने स्पष्ट कौल दिला.

आई म्हणाली, चिठ्ठीनं का हुईना, चिकटला एकदाचा कुठंतरी, आता तिथं तरी टिक. आईला लोकशाही नीट कळत नाही.

माझ्या पॅनेलचे बाकीचे सगळे पडले. म्हणजे विरोधात मी एकटा. म्हणजे विरोधी पक्षनेताही मीच. एका रात्रीत दोन पदं.

२७ जुलै
रोज लिहायचं ठरलं होतं. लिहितोय.

वय सत्तावीस. शिक्षण अकरावी कॉमर्स, दीड वेळा. अनुभव सणसवाडीच्या सात कंपन्या, सगळ्यात जास्त एकेचाळीस दिवस. तिथल्या रूमवर बाकीची पोरं मोबाईलवर रील बघायची, मी संसद बघायचो. विरोधी बाकावर एक खासदार होते, अर्थ विषयातले. नाव लिहीत नाही, उगाच तुलना होते. हातात कागद असायचा पण कागदाकडे बघायचे नाहीत. अर्धा तास आकडे. मग कागद टेबलावर आपटून सभात्याग. काय ती चाल! समजलं काहीच नाही, पण ठरलं तिथेच, आपण हेच करायचं.

अर्थ हा विषय निवडायचं दुसरं कारण म्हणजे त्यात गर्दी नाही. रस्ते, पाणी, लाईट यावर कुणीही बोलतं.

संकल्प: रोज एक तास अर्थशास्त्र. उद्यापासून.

२९ जुलै
आभार दौरा. वॉर्ड तीनचा अर्धा भाग ओढ्यापलीकडे, धनगर वस्ती, एकतीस घरं. माझी शंभरावर मतं तिथलीच. पण ओढ्याला पाणी होतं आणि मी पांढरी पँट घातली होती, म्हणून अलीकडूनच हात हलवून आभार मानले.

कुशाबाई मावशी पलीकडून आल्या, लुगडं वर खोचून, डोक्यावर दुधाची किटली. म्हणाल्या, आभार ऱ्हाऊ द्या मेंबर, साकव कवा करताय? पावसाळ्यात पोरं शाळंला न्हाईत, दूध येळंवर डेअरीला न्हाई, बाळंतीण असली तर खाटंवर टाकून आणावी लागती. गुडघ्याचं पाणी म्हणत्यात, पर गुडघ्याचं न्हाई त्ये. मेंबर, ऐकताय न्हवं?

मी ऐकतच होतो, फक्त मोबाईलवर जीडीपीची व्याख्या उघडली होती ती वाचत होतो. साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल, हे मला माहीतच आहे. मी म्हणालो, मावशी, साकव झाला असं समजा.

त्या म्हणाल्या, समजून पाय कोरडं ऱ्हात न्हाईत.

ग्रामीण भागातली निराशा. यावरही बोललं पाहिजे.

१२ ऑगस्ट, रात्री
पहिलं अधिवेशन. बाकीचे त्याला मासिक सभा म्हणतात.

जाकीट घालून गेलो. हौसराव आप्पा सरपंच. त्यांनी विचारलं, कुणाच्या लग्नाला? सत्ताधारी घाबरले की थट्टा करतात.

आता इथला घोळ लिहून ठेवतो. सगळे मेंबर येतात, रजिस्टरवर सही ठोकतात, चहा पितात, वेफर्स खातात आणि जातात. ठराव नंतर लिहिला जातो, सह्यांच्या वरच्या कोऱ्या जागेत! ग्रामसेविका अनुपमा मॅडमनी मलाही रजिस्टर दिलं. म्हणाल्या, मेंबर, सही. मी म्हणालो, कोऱ्या कागदावर विरोधी पक्ष सही करत नसतो. त्या म्हणाल्या, अहो, ते प्रोसिडिंग वेगळं, ही नुसती हजेरी आहे, तुम्ही आलात एवढंच. मी म्हणालो, आज हजेरी, उद्या ठराव.

आईचं तर लहानपणापासूनचं सांगणं आहे, कुठं सही म्हणून करायची न्हाई. इथे संस्कार आणि अर्थशास्त्र एकत्र आलं.

मग मी प्रश्न विचारला, उंबरदऱ्याचा जीडीपी किती? आप्पा म्हणाले, दोन जेसीबी आन् एक लायटीचा डीपी, त्यो बी जळालाय. सगळे हसले. मी कागद टेबलावर आपटला (किराणा यादी होती, पण लांबून कळत नाही) आणि सभात्याग केला.

बाहेर पिंपळाखाली वीस मिनिटं थांबलो. संसदेत मनधरणीला माणूस पाठवतात. इथे उपसरपंच विक्रम आला, तंबाखू थुंकायला. म्हणाला, ह्ये काय, तू गेला न्हाईस अजून? चहा संपला बघ.

एकंदरीत दणदणीत सुरुवात.

१३ ऑगस्ट
अर्थशास्त्र: अर्धं पान. मग पुस्तकाला माशा बसायला लागल्या.

११ सप्टेंबर
आज दुसरं अधिवेशन होतं. प्रश्न तयार, जाकीट तयार. वाटेत कळलं, खालच्या मळ्यात वनखात्याने बिबट्यासाठी पिंजरा लावलाय. लोकप्रतिनिधी म्हणून पाहणी गरजेची होती. पिंजऱ्यात आमिषाची शेळी होती, आरामात पाला खात बसलेली. पहारा द्यायला कुणीच नाही. मी थांबलो. संध्याकाळपर्यंत बिबट्या आला नाही. शेळीशी चांगली ओळख झाली.

परत आलो तर सभा संपलेली. म्हणजे सभागृहात पाय न ठेवताच सभात्याग. असा प्रयोग दिल्लीतही कुणी केला नसेल.

१९ सप्टेंबर
पाऊस. ओढा भरला. कुशामावशींच्या नातीचं, मोनालीचं, दप्तर वाहून गेलं. मावशी आमच्या दारात येऊन आईला सांगत होत्या. पोरगी वाचली, दप्तर गेलं, आता रडती, गृहपाठ क्येला हुता म्हणून.

मी आतून ओरडून म्हणालो, हे मी सभागृहात मांडणार. मावशी आईला म्हणाल्या, सारजाबाई, त्येला म्हणावं आधी सभागृहात बस.

१४ ऑक्टोबर
तिसरं अधिवेशन. आज मुद्दा जबरदस्त होता: पंधरा ऑगस्टची जिलेबी. बिलात बारा किलो. मी उठून विचारलं, दरडोई जिलेबी किती? आप्पा म्हणाले, दरडोईचं ठावं न्हाई, पर तू एकट्यानं सात खाल्ल्या, मीच वाढल्या. मी म्हणालो, विषयाला फाटे फोडू नका. तानुबाई मेंबर म्हणाल्या, जिलेबीला फाटा कसा फुटंल, ती तर गोल असती.

सभात्याग. दारात मॅडम रजिस्टर घेऊन आडव्या आल्या. म्हणाल्या, जाता जाता तरी सही करा, तुमचा हा रकाना ऑगस्टपासून कोरा आहे. मी म्हणालो, कोराच राहील, इतिहास तो वाचेल.

कोरा रकाना कसा वाचायचा, असं त्यांनी विचारलं. त्या तांत्रिक बाजूनेच विचार करतात.

२ नोव्हेंबर
मोठा निर्णय. प्रत्यक्ष संसद पाहिल्याशिवाय माझ्या भाषणाला वजन येणार नाही. दिल्ली! दौंडवरून गाडी मिळते. चार दिवसांत परत, बारा तारखेच्या अधिवेशनाला हजर. आईने भाकरी आणि ठेचा बांधून दिला. म्हणाली, दिल्लीला जातोस का दौंडला, त्ये नक्की सांग, त्यापरमानं भाकरी बांधते. मी दिल्ली म्हणालो. तिने दोन बांधल्या.

८ नोव्हेंबर, भिगवण
दौंडच्या फलाटावर गाडी उभी होती. इंजिन उत्तरेकडे. निदान मला उत्तर वाटली. कुरकुंभच्या कंपनीतला एक बिहारी कामगार म्हणाला, भैया, ये सोलापुर जाएगी. मला वाटलं तोच चुकलाय, पण तो दुसऱ्या फलाटावरची गाडी दिल्लीची म्हणत होता, म्हणून त्याला तिच्यात बसवून दिलं आणि मी येऊन याच गाडीत बसलो. बिचाऱ्याने पाया पडून आभार मानले.

ही दिल्ली नाही, हे भिगवणला कळलं. पण उतरल्यासारखं मासे खाल्ले. मग धरणाच्या पाण्यावर गेलो. रोहित पक्षी आलेत. शेकडो. एका पायावर तासन्‌तास उभे, बहुमताची वाट बघत असल्यासारखे. संसदेत याहून वेगळं काय असणार?

नावाडी म्हणाला, हात रिकामाच हाय तर वल्ही मारा. मारतोय.

१६ नोव्हेंबर
परत आलो. अधिवेशन होऊन गेलं. चौथा सभात्याग, दौऱ्यावरून केलेला.

४ डिसेंबर, सणसवाडी
उद्योग क्षेत्राचा अभ्यास. आतून करायचा म्हणून एका पॅकिंगच्या कंपनीत लागलो. खोके चिकटवायचे. सुपरवायझर म्हणाला, तू ग्रामपंचायत मेंबर हैस ना, मग इथं काय करतोस? मी म्हणालो, फील्डवर आहे. त्याने मला लोडिंगच्या फील्डवर पाठवलं.

१३ डिसेंबर
अभ्यास पूर्ण. नऊ दिवस. कंपनीनेच सांगितलं की पूर्ण झाला.

काल पाचवं अधिवेशन होतं म्हणे.

२८ डिसेंबर
पंचायतीचा शिपाई कागद घेऊन आला. म्हणाला, नोटीस हाय, मिळाली म्हणून इथं सही करा. मी ओळखलं. पाच महिने सभागृहात जमलं नाही, ते आता घरी येऊन करतायत! सही केली नाही. तो दाराला चिकटवून गेला. आईने वाचायला सांगितलं. मी वरवर वाचलं, सलग, गैरहजर, कलम, असे शब्द आहेत. सत्ताधाऱ्यांचं नेहमीचं.

आजचा सल्ला: जनावराचे खूर वेळच्या वेळी तपासावेत.

९ जानेवारी, पहाटे ४.४०
झोप नाही. घोटाळा सापडला.

येत्या वर्षाचं बजेट मांडायचंय म्हणून मॅडमनी सगळ्या मेंबरांना मागच्या आणि यंदाच्या हिशोबाच्या झेरॉक्स वाटल्या. मी दोन्ही हिशोब शेजारी ठेवून वाचले. मागच्या वर्षी शेवटच्या ओळीत लिहिलंय, अखेरची शिल्लक चार लाख बारा हजार तीनशे सहा. आणि यंदाच्या पहिल्याच ओळीत, आरंभीची शिल्लक, चार लाख बारा हजार तीनशे सहा!

तोच आकडा. रुपयाचाही फरक नाही. योगायोग म्हणावा तर तो तीनशेपर्यंत ठीक होता, वरचे सहासुद्धा तेच? सरळ कॉपी मारलीय. एकच रक्कम दोनदा दाखवलीय. मग दुसरे चार लाख गेले कुठे?

मी उगाच अर्थ विषय निवडला नव्हता.

११ जानेवारी
चिंचेखाली भैरूमामा बसले होते. कुशामावशींचे मालक. पूर्वी मेंढरं घेऊन पार कोकणापर्यंत जायचे, आता दोन एकर करतात. विश्वासात घेऊन त्यांना घोटाळा सांगितला. त्यांनी तंबाखू मळली. मग म्हणाले, समज, काल सांजच्याला जाळीच्या वाघरात चाळीस मेंढरं कोंडली. सकाळी वाघूर उघडलं, चाळीस निघाली. चोरी झाली का न्हाई झाली?

मी म्हणालो, मामा, हा मेंढरांचा विषय नाही, पब्लिक फायनान्सचा आहे.

ते म्हणाले, बरं, मंग आसंल.

१७ जानेवारी
कुशामावशी आल्या. या बाईने भलताच उद्योग केलाय. सगळ्या मेंबरांच्या घरी जाऊन आल्या, प्रत्येकाकडे चहा पिऊन. पंचायतीत यंदा एकाच मोठ्या कामाचा निधी आहे. आप्पांना गावाच्या तोंडाशी स्वागत कमान पाहिजे, वर त्यांच्या वडिलांचं नाव. मावशींना साकव पाहिजे. सरपंच धरून आम्ही आठ जण. एक मेंबर बाळंतपणाला माहेरी. कमानीला तीन हात, साकवाला तीन. साकवाला विक्रमसुद्धा, कारण त्याचा ऊस ओढ्यापलीकडे आहे.

राहिला सातवा हात, तो माझा.

मावशींनी माझा उजवा हात धरला आणि वर केला, पोराला पीटी शिकवतात तसा. म्हणाल्या, ह्यो असा. बोलायचं कायबी न्हाई. जीडीपी न्हाई, जिलेबी न्हाई. आप्पा इच्यारतील साकवाला कोण कोण, तवा ह्यो असा वर. पावसाळ्याच्या आत साकव झाला पायजे. त्यवडंच. करशील न्हवं, बाबा?

मी म्हणालो, मावशी, हात तर हातच आहे, पण आधी माझं भाषण आहे. ते ऐकून कमानवालेसुद्धा आपल्याकडे येतील. तीनाला चार कशाला, सातच्या सात घेतो.

त्या म्हणाल्या, सात नगं. चार बास.

दूरदृष्टी नाही.

२० जानेवारी, दुपारी ३
सकाळी अकराला बजेट अधिवेशन. सगळं क्रमाने लिहितो, पुढे संशोधकांना लागेल. (ही डायरी छापायची नाही, असं मी ठरवलंय. तरी.)

दारातच मॅडमनी रजिस्टर पुढे केलं. आवाज खाली आणून म्हणाल्या, हणमंतराव, आज तरी सही करा. आज केली नाही तर सहा महिने सलग गैरहजर लागतील, मेंबरकी जाते, हा कायदा आहे. मी तुमच्या बाजूने सांगतेय. तेव्हाच समजलो, यांना घोटाळा बाहेर येणार याची कुणकुण लागलीय. मी म्हणालो, मॅडम, मला विकत घ्यायची किंमत एक सही नाही. त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

खिडकीबाहेर कुशामावशी आणि वस्तीवरच्या चार बायका उभ्या होत्या. मावशींनी खिडकीतून हात वर करून दाखवला. मी मान हलवली.

भाषण केलं. चोवीस मिनिटं. कागदाकडे एकदाही बघितलं नाही. जीडीपी, वित्तीय तूट, रोहित पक्षी, सणसवाडीचे खोके, सगळं आलं. मग आवाज चढवला आणि दोन्ही कागद हवेत धरून शिल्लकेचा घोटाळा बाहेर काढला. तोच आकडा! दोन वर्षं! राजीनामा द्या!

मग विक्रम म्हणाला, हणमंता, वर्षाखेरीला जेवढं उरलं तेवढ्यावरच पुढचं वर्ष चालू होणार ना. तानुबाई म्हणाल्या, रातची शिळी भाकर सकाळी टोपल्यात तितकीच दिसणार की रं. आप्पा हसता हसता वेफर्स लागून खोकायला लागले, त्यांना पाणी द्यावं लागलं. मॅडमसुद्धा हसल्या. मॅडमनी हसायला नको होतं.

सत्ताधारी अडचणीत आले की हशा करतात, हे मला माहीत आहे. अशा वेळी खासदार काय करायचे ते डोळ्यासमोर आलं. मी कागद आपटले. आज किराणा यादी नव्हती, खरे कागद होते. आणि बाहेर पडलो. काय ती चाल! मागून विक्रम ओरडत होता, आरं थांब, मतदान व्हायचंय, हणमंता, हात! हात!

दारात कुशामावशी. त्यांनी मला दोन्ही हातांनी ढकललं, आत. म्हणाल्या, आत हो, आत हो, आत्ता इच्यारत्यात. मी म्हणालो, मावशी, बाहेर पडलेला विरोधी नेता लगेच आत जात नाही, संदेश चुकीचा जातो.

आतून आप्पांचा आवाज आला, साकवाला कोण कोण? तीन. कमानीला? तीन. सारखी झाली, मग सरपंचाचं जादा मत कमानीला. चला, चहा आना.

मावशींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि ओढ्याच्या वाटेला लागल्या. बाकीच्या बायका मागे. त्या बोलल्या असत्या तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.

२१ जानेवारी
तात्पुरता पराभव, नैतिक विजय.

आईने आज ठेचा केला नाही. जेवायला वाढलं.

३ मार्च
मेंबरकी का काढू नये, यावर पुण्याला सुनावणी होती. बाजू मांडायला सकाळीच निघालो. वाटेत म्हटलं, वढू बुद्रुकला शंभूराजांच्या समाधीचं दर्शन घेऊन जाऊ, बळ येईल. बळ आलं. पण तिथे गाड्यांची ही गर्दी! लावून घ्यायला कुणी नाही, एसटी अडकलेली. मी शिट्टी मिळवली. चार तासांत दोनशे गाड्या ओळीत लावल्या. एक म्हातारबाबा म्हणाले, पोरा, कुठल्या खात्यातला रं तू? मी म्हणालो, अर्थ.

सुनावणी तीनला संपली.

२८ मार्च
आदेश आला. सहा महिने सलग गैरहजर, सबब पद रिक्त. मी गैरहजर? त्या जिलेबीवर मीच बोललो होतो! आप्पांना साक्षीला बोलावलं. ते म्हणाले, तू बोललास खरं, पर कागदावर न्हाईस. कागदावर तू उंबरदऱ्यात राहतोस का न्हाई, त्ये बी बघाय लागंल.

संसदीय कारकीर्द: आठ महिने. लहान, पण आशयघन.

५ मे
कमान उभी राहिली. फारच देखणी. आज उसाचा ट्रॅक्टर खालून जाताना मोळ्या वर अडकल्या. विक्रमचाच ऊस. अर्धी ट्रॉली तिथेच उतरवावी लागली. गाव बघायला जमलं. मी दोन तास होतो. मावशी लांबून बघून गेल्या.

आजचा सल्ला: पेरणीआधी बियाण्याची उगवण तपासून घ्यावी.

१० जून
पोटनिवडणूक लागली! वॉर्ड तीन. जनता चूक सुधारायची संधी देतेय. जाहीरनामा लिहायला घेतला. शीर्षक झालं.

१६ जून
फॉर्म भरायचा आज शेवटचा दिवस. सकाळीच कुशामावशी दारात, नवं लुगडं, हातात पिशवी. म्हणाल्या, गाडी काढ, शिरूरला फॉर्म भराय जायचंय. भरून आलं. एवढं होऊनही माझ्यासाठी स्वतः आल्या! म्हणालो, मावशी, मी तयारच आहे.

वाटेत न्हावऱ्याला रसवंती दिसली. त्या मागून म्हणाल्या, थांबायचं न्हाई. पुढे एक जेसीबी विहीर उकरत होता. त्यांनी पाठीत बोट रुतवलं. आयुष्यात पहिल्यांदा सरळ शिरूरला पोचलो.

तहसीलला त्यांनी पिशवीतून कागद काढले. सगळे भरलेले, फोटो चिकटवलेला. फोटो त्यांचा. म्हणाल्या, हितं सूचक म्हणून सही लागती, त्याच वॉर्डातला माणूस पायजे. बाकी समदी आज खुरपायला गेल्यात. तू मोकळा हैस.

मी विचारलं, म्हणजे उभं कोण राहतंय?

त्या म्हणाल्या, मी.

माझा फॉर्म घरी होता. शीर्षकापर्यंत आलेल्या जाहीरनाम्याखाली. पावणेतीन वाजले होते, तीनला खिडकी बंद.

खिडकीतला क्लार्क म्हणाला, बघता काय, करा सही, मागं लाईन आहे. मावशींनी पेन हातात दिलं. मला वाटलं काहीतरी बोलावं. अर्थविषयक काही सुचेना. सही केली. बऱ्यापैकी आली.

येताना रसवंतीला थांबलो. पैसे त्यांनी दिले.

२० जून
बिनविरोध.

९ जुलै, सकाळी ९.३०
आज त्यांची पहिली सभा, सकाळी आठलाच. पहाटेपासून पाऊस होता, ओढ्याला पाणी. मावशी पलीकडे, सभा अलीकडे, आणि सकाळचं दूध पण अलीकडेच आणायचं. त्यांनी पलीकडून हाक मारली, हणमंता, माझ्या डोक्यावर सभंचं न्हायतर दुधाचं, कंचंतरी एकच वझं मावंल. तू ये, किटली घे, डेअरीला घाल. सात वाजता काटा बंद हुतो.

पँट दुमडून उतरलो. दुमडलेली भिजली. मध्यावर गेल्यावर थांबायचा विचार केला, पण थांबलं की पाय वाळूत जातो. पलीकडे जाऊन किटली डोक्यावर घेतली आणि परत आलो. तिथून बाजूला बघता येत नाही, वाटेत काही बघायचंही नसतं.

डेअरीवाल्याने विचारलं, कुणाच्या नावावर? मेंबरच्या, म्हणालो. त्याला वाटलं माझ्याच, म्हणून हसला. मग मी नीट सांगितलं.

विक्रम भेटला. सभा दहा मिनिटांत आटोपली म्हणे. मावशींनी आधी सही केली, मोठी, दोन रकान्यांत पसरलेली. मग म्हणाल्या, साकव. कमानीत ऊस अडकल्यापासून आप्पा विक्रमला घाबरतात. हात वर झाले, सात. चहा झाला. निधी आला की काम पुढच्या उन्हाळ्यात, तोवर हा पावसाळा असाच.

म्हणजे उद्या सकाळीही किटली आहे. मावशींनी साडेसहाला यायला सांगितलंय.

पाणी मांडीपर्यंत येतं. गुडघ्यापर्यंत नाही. हे मला आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

सांगितलं होतं. मी तेव्हा जीडीपी वाचत होतो.